सुमनबाईंचा काटा

सुमनबाईंना खुर्चीत नीट बसलेलं मी एकदाच पाहिलं. ते कधी, ते शेवटी सांगतो. एरवी आम्ही आठ वर्षं एकाच दवाखान्यात होतो, त्या नर्स आणि मी रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर. पण बाई बसली म्हणजे नुसती टेकली, आणि टेकली की उठलीच. पेन टेबलावर टकटक आपट, बाटल्यांची लेबलं एका बाजूला वळव, थर्मामीटर झटक, ठेव, परत झटक. एकदा वैतागून मी म्हटलं, "बाई, पायाला भिंगरी हाय का तुमच्या?" तर म्हणाल्या, "तुमच्या तोंडाला हाय ना भाऊ, तीच माझ्या पायाला."  

दवाखान्याचं नाव विचारू नका. पाथर्डी तालुक्यातला, एवढं पुरे. लोक मला तापट म्हणतात, ते खरं आहे. पण ही गोष्ट शांतपणे सांगायची असं ठरवून बसलोय. बघू कितपत जमतं.

सुमनबाई बौद्ध घरातल्या. वडील रंभाजी दरवर्षी बायकापोरं घेऊन श्रीगोंद्याकडच्या एका कारखान्यावर ऊस तोडायला जायचे. सुमनबाईंची शाळा निम्मी गावात आणि निम्मी फडाकडेच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत झाली. पहाटे मोळ्या वाहायच्या, दुपारी गाडीच्या सावलीत पाढे म्हणायचे. त्यातून ही बाई नर्स झाली. आमचं घरही तोडीवालंच. आई-बाप, आम्ही दोघं भाऊ. मला स्टिअरिंग सापडलं म्हणून कोयता सुटला. धाकट्या बन्सीचा सुटला नव्हता.

आता शर्यतीचं सांगतो. आमच्याकडच्या एका तरुण मंडळाला एक्क्याण्णव साली मॅरेथॉनचं वेड लागलं. पाथर्डीतून निघायचं, तिसगाव मागं टाकायचं, करंजीच्या अलीकडं वळायचं आणि त्याच रस्त्यानं परत यायचं. बेचाळीस किलोमीटर. दसऱ्यानंतरचा रविवार धरायचे, कारण त्यानंतर तोडीचे ट्रक भरायला लागतात आणि तालुका रिकामा होतो. ऑक्टोबरचं ऊन काय असतं ते आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. साठ-सत्तर पोरं पळायची. निम्म्यांच्या पायात कॅनव्हासचे बूट, निम्मी अनवाणी.

आणि रस्त्याकडेच्या प्रत्येक वस्तीवर पाणी. आमच्या तालुक्यात पाणी म्हणजे काय चीज आहे ते बाहेरच्याला कळणार नाही. उन्हाळ्यात टँकरच्या मागं बाया कळशा घेऊन पळतात. म्हणूनच, पाहुण्याला चहा नाही दिला तरी कोणी बोलत नाही, पण पाणी न देता पाठवला तर घराण्याचं नाव जातं. आणि कोणी दिलेलं पाणी न पिता पुढं जाणं, ते तर त्याहून वाईट. त्यामुळं शर्यतीच्या दिवशी सोळा ठिकाणी माठ, सोळा ठिकाणी तांबे, आणि बाया रस्त्यात आडव्या उभ्या. "पी रं बाळा, पी. अजून घे." पुढची पाच-दहा पोरं थांबायची नाहीत, त्यांना नंबर काढायचा असायचा. मागची पोरं मात्र प्रत्येक ठिकाणी थांबायची, प्यायची, पाया पडायची, पुढं पळायची.

आमचा बन्सी मागच्यातला. बावीस वर्षांचा. पळायला बैलासारखा सावकाश, पण सोडणार नाही. चौऱ्याण्णव साली तो पाच तासांनी परत आला, शेवटून तिसरा. शर्यतीला आमच्या दवाखान्याचा मंडप असायचा, त्याच्या तोंडाशी मला बघून हात वर करून ओरडला, "दादा, आलो!" हसत होता. एवढा आनंद झाला मला, सांगतो, जणू पहिलाच आला.

दहा मिनिटांत डोकं धरून बसला. मग ओकला. नुसतं पाणी, स्वच्छ. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "गाडी भरली का?" म्हटलं, कसली गाडी? "उसाची." पोरगं बरळायला लागलं होतं. त्याच्या बोटात आईनं दिलेली चांदीची अंगठी होती. ती सैल व्हायची म्हणून त्यानं तिला दोरा गुंडाळलेला. सुमनबाई नाडी बघताना त्या अंगठीशी खटपट करत होत्या. ती जागची हलेना. बोटं फुगली होती. मला वाटलं, ह्या वेळेला बाईला अंगठीचं काय पडलंय?

आमचे डॉक्टर रविकांत. नगरच्या शिक्षकांच्या घरातले, पुण्याला शिकलेले, माणूस सोन्यासारखा, पण त्या दिवशी एका मंडपात वीस पोरं आडवी होती आणि डॉक्टर एकटे. त्यांनी लांबूनच बघितलं. "पाणी कमी झालंय सिस्टर. सलाईन लावा." आमच्याकडं सगळ्याच बाटल्यांना सलाईन म्हणतात. मिठाची असो, साखरेची असो, सलाईनच. त्या दिवशी पेटीत ग्लुकोजच्या बाटल्या होत्या, त्यातली एक लावली. आणि मी त्याच्या उशाशी तांब्या घेऊन बसलो. दीड तांब्या पाणी मी त्याला माझ्या हातानं पाजलं. मग त्याला झटके यायला लागले, तसं उचलून गाडीत घातलं आणि मी नगरच्या दिशेनं गाडी सोडली. मागं सुमनबाई. करंजीच्या घाटात त्यांनी पाठीमागच्या काचेवर टकटक केलं. मला कळलं. मी गाडी थांबवली नाही. नगरपर्यंत तशीच नेली.

मृत्यूच्या कागदावर लिहून आलं, उष्माघात.

भेटायला येणारा प्रत्येक माणूस मला एकच म्हणायचा, "आसाराम, निदान शेवटचं पाणी तरी तुझ्या हातचं मिळालं त्याला." आणि खरं सांगतो, मी त्याला धरूनच उभा राहिलो. आईला तेच सांगितलं. दवाखान्यात, चहाच्या टपरीवर, एसटी स्टँडवर, जो विचारेल त्याला तेच सांगायचो. शेवटचं पाणी माझ्या हातचं. पण बसवत नव्हतं. त्याच उन्हात सत्तर पोरं पळाली. वीस आडवी झाली आणि एकोणीस उठून घरी गेली. मग माझाच भाऊ का गेला? कशानं गेला? मला तेवढं एक कळायला हवं होतं. बाकी काही नको.

डॉक्टरांना तीनदा विचारलं. तिन्ही वेळा उष्माघात. चौथ्यांदा विचारायला गेलो तर सुमनबाई ड्रेसिंगच्या खोलीतून म्हणाल्या, "उष्माघात न्हाई, सर. मी ताप घेतला होता. नव्याण्णव होता. ज्याला ऊन लागतं त्याचं अंग तव्यासारखं तापतं."

डॉक्टर चिडले. "मग काय झालं होतं, सिस्टर?"

"ते माहीत न्हाई," बाई म्हणाल्या. "म्हणून तर झोप लागत न्हाई."

मलाही लागत नव्हती. तर अशी आमची जोडी जमली. एक तापट आणि एक भिंगरी.

बाईंनी एक शंभर पानी वही घेतली. सुट्टीच्या दिवशी त्या आणि मी त्या रस्त्यानं चालत निघालो, पाथर्डीपासून पुढं, प्रत्येक वस्तीवर. प्रश्न एकच. शर्यतीच्या दिवशी बन्सीला पाणी कोणी दिलं आणि किती? मला ते आधी पटलं नाही. म्हटलं, "बाई, पानी देनाऱ्याची चौकशी करता व्हय? लोक मारतील." मारलं नाही, पण बायडाबाईंनी तोंडाचा पट्टा सोडला. सत्तरीच्या बाई, रस्त्याला लागून घर. "पाजलं की! जाताना एक तांब्या, येताना एक तांब्या. नको नको करीत हुतं, म्हनलं, गप पी. पानी पाजलं म्हनून आता पोलीस धाडता का?" मी हात जोडले. सुमनबाई लिहीत होत्या. कोणी अर्धा तांब्या म्हणालं, कोणी फुलपात्रं मोजून सांगितली. अकरा जणांना आठवत होतं. मला तर ऐकून भरून येत होतं, माझ्या भावाला एवढ्या लोकांनी पाणी दिलं. परत येताना मी म्हटलं, "आन् मंडपात म्या पाजलं. दीड तांब्या. लिहा."

बाईंचं पेन थांबलं. एरवी न थांबणारं पेन. "लिहिते," म्हणाल्या, आणि वही मिटली.

तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

जानेवारीत एका बाळंतिणीला सोडायला आम्ही श्रीगोंद्याकडं गेलो. येताना एका कारखान्याच्या गेटवर बैलगाड्यांची रांग लागलेली. बाई एकदम म्हणाल्या, "भाऊ, गाडी थांबवा." थांबवली. उतरून कुंपणाला धरून उभ्या राहिल्या. अर्धा तास. मी हॉर्न वाजवला, शिव्या घातल्या, काही नाही. परत आल्या तेव्हा डोळे वेगळेच दिसत होते.

"भाऊ, कारखाना गाडीवानाला विचारतो का, किती टन ऊस आणलास?"

"कशाला विचारंल? काटा हाय की."

"भरल्या गाडीचा काटा करतात. ऊस टाकला की रिकाम्या गाडीचा काटा करतात. मधल्या मधी जे गेलं तो ऊस. कोनाच्या बोलन्याचं काम न्हाई." घाई झाली की बाईंच्या बोलण्यात कोपी यायची. "मानसाचं तसंच करायचं. पळायच्या आधी काटा, पळून आल्यावर काटा. अंगातलं पानी कमी झालं का जास्त, ते काटा सांगंल."

"जास्त?" मी म्हटलं. "पळून पानी जास्त कसं व्हईल?"

बाई पूर्ण रस्ताभर सीटवर बोटं वाजवत राहिल्या.

डॉक्टर आधी हसले. मग त्यांनी पुण्याच्या एका मित्राला पत्र टाकलं. दोन महिन्यांनी टपालानं परदेशातल्या कुठल्याशा मासिकाच्या झेरॉक्स आल्या. त्या दिवशी डॉक्टरांनी दुपारचा डबा तसाच ठेवला. सुमनबाईंना आत बोलावलं, दार लावलं. बाहेर आल्यावर दोघंही माझ्याकडं बघेनात. मला एवढंच सांगितलं, "आसाराम, यंदा शर्यतीला नगरहून दाट मिठाच्या दोन बाटल्या आणायच्या. साध्या नाही, दाट. विसरू नकोस." मी म्हटलं, आणतो. ड्रायव्हरला कारण कोण सांगतो?

पंच्याण्णवची शर्यत. बाईंनी एका कांद्याच्या आडतीवरचा वजनकाटा मागून आणला, चौघांनी उचलून मंडपात ठेवला. एकेक पोरगं त्यावर उभं करायचं, अंगावर फक्त चड्डी-बनियन. बाईंनी आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. पोरांना काय, चेष्टेला विषयच मिळाला. "बाई, आमाला कांदा समजला का ऊस?" "बाई, पाचटाची घट कापा, वजन बराबर येऊ द्या." एक जण तर काट्यावर उभा राहून ओरडला, "लिहून घ्या, मालक, चोपन किलो, नंबर एक माल!" तो श्रीमंत. नावाचाच. दोन एकर खडक आणि कोयता. बन्सीच्या बरोबरीचा, बन्सीचा दोस्त. तोही तसाच सावकाश पळणारा.

चौसष्ट पोरांचा काटा झाला. परत येतील तसा परत काटा. पुढची पोरं आली, कोणी दोन किलो कमी, कोणी अडीच. ती धपकन बसायची, पाय वर करून झोपली की अर्ध्या तासात उठून चहा मागायची. दोघांची अंगं खरंच तापलेली निघाली. त्यांना बाईंनी ओल्या चादरीत गुंडाळलं, पंखा घातला, ती निवली. सगळं नीट चाललेलं. मी जरा निवांत झालो होतो.

श्रीमंत पाच तास वीस मिनिटांनी आला. दोघांनी धरून काट्यावर चढवला. बाईंनी आकडा बघितला, मागं पान उलटून बघितलं, परत काटा बघितला. सकाळी चोपन्न. आता पंचावन्न आणि आठशे ग्रॅम. बेचाळीस किलोमीटर पळून पोरगं जवळपास दोन किलोनं वाढून आलं होतं.

मग तो डोकं धरून बसला. आणि ओकला. नुसतं पाणी. बोटं फुगलेली.

 वर्षभरापूर्वीचं सगळं तसंच, त्याच जागी. मंडपाबाहेर गर्दी जमली, त्यात त्याची आई. सगळे ओरडायला लागले, "पानी द्या! सलाईन लावा!" मी धावत जाऊन माठातून तांब्या भरून आणला, गुडघ्यावर बसलो, श्रीमंतच्या मानेखाली हात घातला आणि तांब्या त्याच्या तोंडाला लावणार, तोच सुमनबाईंनी हात मारून तो तांब्या उडवला. पाणी माझ्या अंगावर. तांब्या घरंगळत गर्दीत गेला.

"एक थेंब न्हाई!" बाई किंचाळल्या. "कोनी त्याला एक थेंब पाजायचा न्हाई!"

मी उठलो ते हात उगारूनच. होय, उगारला होता. बाईवर. आजही लाज वाटते. गर्दीतून एक जण म्हणाला, "पानी अडवनारी ही कोन? आता ह्यांनी आपल्याला पानी अडवायचं?" कोणत्या अर्थानं म्हणाला ते सगळ्यांना कळलं.

सुमनबाई वळल्या.  "माझी आई ह्याच रस्त्यावर, ह्याच गावच्या विहिरीवर, दोन तास उभी राहायची. कोणी वरून ओंजळीत ओतलं तर प्यायची, न्हाई तर तशीच परत. पाण्याची किंमत तुमी मला शिकवू नका. ह्याच्या पोटात पाणीच हाय. पाण्यानंच हा मरंल. सरका मागं."

आणि डॉक्टर रविकांत, ते मात्र त्या दिवशी लांबून बोलले नाहीत. गर्दी सारून आत आले, स्वतः गुडघ्यावर बसले आणि दाट मिठाची बाटली लावली, हळूहळू, घड्याळ बघत. श्रीमंतला एक झटका आला. मी गाडी काढली. त्या घाटात मी सारखा आरशात बघत होतो, मागच्या काचेवर टकटक होतेय का. झाली नाही. नगरला पोचेपर्यंत पोरगं दोनदा लघवीला झालं, आणि दवाखान्याच्या दारात स्ट्रेचरवरून त्यानं विचारलं, "दादा, माझा नंबर कितवा आला?"

मी गाडीच्या मागं जाऊन रडलो.

रडून झाल्यावर मात्र डोकं चालायला लागलं. तीच डोकेदुखी, तेच ओकणं, तीच फुगलेली बोटं. ह्याला पाणी दिलं नाही, हा वाचला. सुमनबाई पायरीपाशी येरझाऱ्या घालत होत्या. मी समोर जाऊन उभा राहिलो. "बाई, बन्सी कशानं गेला?"

त्या थांबल्या. म्हणाल्या, "पाण्यानं. मीठ पातळ होतं अंगातलं, मेंदू सुजतो. पण सगळ्यांच्या पाण्यानं, भाऊ. सोळा वस्त्यांच्या. आमच्या बाटलीच्या. एकट्या कोणाच्या न्हाई."

वर्षभर मला जे कळायला हवं होतं ते कळलं. आणि कळल्यावर मी काय केलं? त्या बाईला नाही नाही ते बोललो. माहीत होतं तर वर्षभर गप्प का बसलीस, माझ्या तोंडून शेवटचं पाणी, शेवटचं पाणी ऐकत का राहिलीस? एकेरीवर आलो. बाई ऐकून घेत राहिल्या. त्यानंतर दोन महिने मी त्यांच्याशी बोललो नाही. गाडी चालवायचो, दार आपटायचो. टपरीवर कोणी बन्सीचा विषय काढला की चहा टाकून उठायचो. शेवटचं पाणी हे शब्द पुन्हा तोंडातून निघाले नाहीत.

डिसेंबरात डॉक्टरांनी ठरवलं, हे सगळं पुण्याच्या डॉक्टरांच्या सभेत वाचायचं. त्यांचं अक्षर त्यांनाच लागत नाही, म्हणून हातानं न लिहिता त्यांनी टाईप करायचं आणि सुमनबाईंच्या वहीतले आकडे मी वाचून सांगायचे असं ठरलं. एकेका पोराचं एकेक पान. नाव, वय, आधीचा काटा, नंतरचा काटा, ताप, पाणी कोणी दिलं, किती. पान उलटता उलटता बन्सीचं आलं. काटा नव्हता, त्या साली काटा केलाच नव्हता. पण खाली बारा ओळी. बायडाबाई, दोन तांबे. शाळेजवळचा माठ, चार फुलपात्रं. असं सगळं. शेवटची ओळ होती, "मंडपात". आणि पुढं नुसती रेघ.

डॉक्टर म्हणाले, "पुढं वाच."

मी वही घेऊन उठलो आणि सरळ ड्रेसिंगच्या खोलीत गेलो. सुमनबाई कात्र्या उकळत होत्या. म्हटलं, "ही रेघ काय हाय?"

बघितली आणि मान खाली घातली. "मला आकडा नक्की माहीत नव्हता."

"म्या सांगितला हुता. दीड तांब्या. तुमी लिहिते म्हनाला. आख्ख्या वहीत एक खोटं न्हाई तुमच्या, आन् हितं रेघ?"

बाईंनी चिमटा खाली ठेवला. "आसारामभाऊ, तुम्ही सगळ्या गावाला सांगत होता, शेवटचं पाणी माझ्या हातचं. तुमच्याकडं तेवढंच राहिलं होतं. ते मी कसं काढून घेऊ? एका रेघेनं शास्त्राचं काही अडत न्हाई, म्हटलं, अडलं तर अडू दे."

मी दाराला धरून उभा होतो. जे कोणालाच सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही, ते तेव्हा तोंडातून आलं. "बाई, त्याला पाणी नको हुतं. त्यो तोंड फिरवत हुता. म्या गाल दाबून पाजलं. 'नको, दादा' म्हनला. दोनदा म्हनला. शेवटचं त्येच बोलला त्यो. मला वाटलं, लाडानं करतंय."

बाईंनी हात पुढं केला. मला वाटलं, वही मागतायत. त्यांनी पेन दिलं.

मी त्या रेघेवर लिहिलं, आसाराम, भाऊ, दीड तांब्या. अक्षर वाकडं आलं. मग थांबलो, आणि त्याच्याखाली आणखी एक ओळ लिहिली. रुग्ण नको म्हणत होता.

सुमनबाईंनी वही घेतली, ती ओळ वाचली. आणि मागं सरकून खुर्चीत बसल्या. टेकल्या नाहीत, बसल्या. हात मांडीवर, पाय जमिनीवर, काही हलत नाही. कात्र्यांचं पाणी उकळून आटत आलं तरी उठल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, "बायडाबाई पण हेच म्हणाल्या होत्या. नको नको करत होतं. मी तांबे लिहिले, नको लिहिलं न्हाई." आणि उठल्या. "चला. श्रीमंतकडं चला."

"आत्ता? त्यो तोडीला गेलाय, श्रीगोंद्याला."

"मग श्रीगोंद्याला चला."

गेलो. डॉक्टरांनी रजा दिली, कटकट न करता. श्रीमंत उसाच्या फडात होता, कोयता खाली ठेवून आला. बाईंनी विचारलं, "पळताना तहान लागली होती का तुला?"

तो हसला. "पयल्या सात-आठ किलोमीटरला लागली हुती. मंग कुठली तहान, पोट डबडब करीत हुतं. पर बाया आडव्या येत्यात, तांब्या पुढं करत्यात. नको कसं म्हनायचं?"

अशा बत्तीस पोरांना आम्ही शोधून काढलं, कोणी फडात, कोणी घरी. वजन वाढून आलेले नऊ. नवांपैकी आठ म्हणाले, तहान नव्हती, दिलं म्हणून प्यालो. डॉक्टरांनी ते पुण्यात वाचलं. तिथल्या एका मोठ्या डॉक्टरांनी विचारलं म्हणे, हा तहानेचा मुद्दा कोणाला सुचला? आमचे डॉक्टर म्हणाले, आमच्या ड्रायव्हरनं लिहिलाय. खरं म्हणाले का मला बरं वाटावं म्हणून सांगितलं, देव जाणे. छापून आलं त्यात सुमनबाईंचं नाव शेवटी होतं आणि तेही चुकीचं, सुमनच्या जागी सुनंदा. बाई म्हणाल्या, "जाऊ द्या, काटा बरोबर आलाय ना?"

शहाण्णवच्या शर्यतीआधी आम्ही परत सोळा वस्त्या फिरलो. पाणी बंद करा असं कुठंच सांगितलं नाही. सुमनबाईंना ते सांगणं शक्यच नव्हतं. एवढंच सांगितलं, तांब्या पुढं करायच्या आधी विचारायचं. बायडाबाई भडकल्या, "पान्याला कोन विचारून देतं व्हय?" सुमनबाई त्यांच्या ओसरीवर तासभर समजावत राहिल्या, उभ्यानंच. मग म्हातारी म्हणाली, "बरं, इचारते. पर ह्याला बसव हितं, माझ्याजवळ, मला भरवसा न्हाई माझा." ह्याला म्हणजे मला.

म्हणून त्या दिवशी मी बायडाबाईंच्या माठापाशी होतो, हातात तांब्या. येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होतो, तहान हाय का? बरेच जण हो म्हणाले, घटाघट प्यायले, पळाले. अकराच्या सुमाराला एक पोरगं आलं, मागचं, सावकाश पळणारं, कपाळावर मीठ वाळलेलं. मी तांब्या भरूनच उभा होतो. माझ्याकडं बघून थांबलं, जरा ओशाळलं. बायडाबाई मागून म्हणाल्या, "घे की रं."

"तहान हाय का?" मी विचारलं.

"नको, दादा," तो म्हणाला.

मी तांब्या खाली ठेवला.